हरसूलच्या सायकलवरचे हात

मखमलाबादच्या सावळीराम पिंगळ्यांनी एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं फिटरकी केली आणि रिटायर झाल्यावर गुलाबाच्या मळ्यात लक्ष घालायचं ठरवलं. घातलंही, पण अर्धंच. बाकीचं अर्धं असायचं गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एकावन्न सालच्या मॉरिस मायनरपाशी.

गंगापूर रोडच्या एका बंगल्याच्या आवारातून बोगनवेल तोडून त्यांनी ती बाहेर काढली होती. तेव्हा तिच्या अंगावर निम्म्या वस्तू परक्या होत्या. दाराच्या मुठी अँबॅसिडरच्या, आरसा स्कूटरचा, एक दिवा तर चक्क ट्रॅक्टरचा. सात वर्षं खपून सावळीरामांनी एकेक उपरी वस्तू काढली आणि तिच्या जागी तिची स्वतःची शोधून बसवली. आता दोन हजार चार उजाडलं होतं. महिन्याभरात नाशकात जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार होता, आणि राहिले होते फक्त दोन हात.

त्या काळच्या गाड्यांना लुकलुकणारे इंडिकेटर नसत. दारामागच्या खांबात एक खाच असे. खटका फिरवला की खाचेतून वीतभर लांबीचा नारिंगी दिव्याचा हात टक्‌कन बाहेर येई. सावळीरामांच्या गाडीला खाचा होत्या, हात नव्हते. मुंबईच्या भंगारबाजारातून एक जोडी आणली, पण ती निघाली दुसऱ्याच गाडीची. बसायची, पण खांबाच्या बाहेर दोन सूत फुगून राहायची.

"बसले की हो छान," त्यांच्या पत्नी लंकाबाई म्हणाल्या. "दोन सूत कोण मोजत बसतंय?"

"मी बसतोय," सावळीराम म्हणाले आणि हात पुन्हा उपसून काढले.

त्र्यंबकेश्वरचा कारभारी नावाचा फुलवाला त्यांच्याकडून देवाच्या हारांसाठी गुलाब न्यायचा. त्या दिवशी फुलांच्या पाट्या टेम्पोत चढवताना त्याची नजर त्या काढलेल्या हातांवर गेली.

"असला हात मी हरसूलला बघितलाय, काका. सायकलीवर."

"सायकलीवर?"

"खोटं नाय सांगत. स्टोव्ह दुरुस्त करणारा एक हाय, बारकू म्हणून. वळताना हात काढतो."

सावळीरामांनी लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्यावर खाचेचं माप कापून घेतलं आणि बाजाराच्या दिवशी हरसूलची एसटी पकडली. बारकू शोधावा लागला नाही. भाजीच्या गर्दीतून एक चाळिशीचा माणूस सायकल दामटत येत होता. कॅरिअरवर स्टोव्हच्या बर्नरची पेटी, आणि मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना लाल रंगाने माखलेले दोन हात. हँडलला बांधलेली सुतळी त्याने ओढली, डावा हात वर आला आणि बारकू डावीकडे वळला.

सावळीराम त्याच्यामागे जवळजवळ पळालेच.

"भाऊ, हे कुठून आणलं?"

"जंगलाच्या ठेकेदाराची मोटार गंजत पडलेली. तिच्यातून काढलं. मागून एसटी येती, तिला कळाया नको, मी कुठं वळतो ते?"

सावळीरामांनी पुठ्ठा हाताला लावला. पाठीचा बाक जुळला, जाडी जुळली, बिजागराची भोकंसुद्धा जुळली. रॉकेलच्या बोळ्याने त्यांनी बुडाशी थोडा रंग पुसला. खाली ठोकलेला सुट्या भागाचा नंबर उमटला. घरच्या वहीत सात वर्षं लिहून ठेवलेला तोच नंबर.

"विकशील?" त्यांनी विचारलं.

"नाय," बारकू म्हणाला. मग त्याने म्हाताऱ्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "पैशानं नाय. ज्याचं हाय त्याला जाऊ दे. पण एक हाय, दादा. हात मी काढणार."

"म्हंजे?"

"मोटारीत बसून. खटका मी फिरवणार."

सावळीराम असे हसले की शेजारची मिरचीवालीही हसू लागली. सौदा ठरला.

डावा हात बॅटरीला जोडताच टक्‌कन उठला. उजवा हलेना, आतली तारेची गुंडाळी जळालेली. सावळीरामांनी केसासारखी तार मिळवली आणि तीन दिवस, जेवायला उठायचंही विसरून, वेढ्यावर वेढा घातला. चौथ्या दिवशी दोन्ही हात खाचेत गेले. लंकाबाईंनी जवळ येऊन खांबावरून नख फिरवलं, वरून खाली, खालून वर.

"कुठं अडकत नाय हो," त्या म्हणाल्या. मग आतून कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि दोन्ही खांबांना बोट लावलं.

मेळाव्याच्या सकाळी बारकू इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या गाडीने हजर झाला. मुंबईहून आलेले परीक्षक गुडघे टेकून, टॉर्च मारून एकेक भाग तपासत होते. खांबापाशी ते बराच वेळ थांबले.

"हे मूळचे आहेत. आता मिळत नाहीत. कुठून आणलेत?"

"माझ्या सायकलवरनं," बारकूने आतून सांगितलं आणि खटका फिरवला. हात परीक्षकांच्या नाकासमोर उठला. ते दचकून मागे सरले आणि मग खदखदून हसायला लागले.

सर्वांत चकचकीत गाडीचं बक्षीस दुसऱ्याच कुणाला गेलं. अस्सल भागांचा चषक मात्र मायनरला मिळाला. सावळीरामांनी तो बारकूच्या मांडीवर ठेवला.

"वहिनी, तुम्ही धरा," बारकू मागे बसलेल्या लंकाबाईंना म्हणाला. "मला काम हाय."

काम होतं खरंच. त्याला पोचवायला म्हणून ते हरसूलला निघाले, आणि त्र्यंबक सोडल्यावर रस्ता म्हणजे नुसती वळणंच. बारकू एकही चुकवेना. डावा, उजवा, पुन्हा डावा. समोरून येणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरने गाडी हळू करून खिडकीतून स्वतःचा हात बाहेर काढला आणि जोरजोरात हलवला. सावळीरामांनी हॉर्न दिला, लंकाबाईंनी चषक उंच धरला, आणि मायनर घाटाच्या पुढच्या वळणाला लागली.