सगळे तीस

प्रबंधाचा विषय मीच निवडला होता : दैनंदिन सवयी आणि मानसिक स्वास्थ्य. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला असा विषय घेतला की फारसं डोकं चालवावं लागत नाही. दहा वाक्यांची प्रश्नावली तयार मिळते. साठ माणसं गाठायची, प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाचपैकी एका आकड्याला गोल करायला लावायचा आणि बेरीज करायची. मला माणसांची मनं कळतात, असा माझा तेव्हा समज होता.

पहिला फॉर्म वहिनीला दिला. लांब जायचं कशाला, घरातच माणूस आहे म्हणून. वहिनी पूर्वी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. बाळ झाल्यावर नोकरी सुटली, आणि आता बाळ दीड वर्षाचं झालं तरी ती धड झोपत नव्हती. नळ सोडून त्याच्यासमोर तशीच उभी राहायची, पाणी वाहून जायचं. तिने दोनदा दादाला म्हटलं होतं, मला कुणाला तरी दाखवूया. आई म्हणाली, "आम्हीही मुलं वाढवली, आम्हाला नाही असली थेरं सुचली." दादा दोघींच्या मध्ये जेवत होता, तो जेवत राहिला.

फॉर्म हातात घेऊन वहिनीने विचारलं, "छोटी, हे खरं भरायचं ना?"

"म्हणजे काय! खरंच भरायचं."

"आणि निकाल कळतो?"

"प्रत्येकाला चिठ्ठी देणार आहे. गुण कमी आले तर चिठ्ठीवर समुपदेशकाचा नंबर असेल."

त्या दिवशी जेवताना ती दादाला म्हणाली, "छोटीच्या कागदावर आलं तर जायचं का?" दादा म्हणाला, "कागदावर आलं तर जाऊ." कॉलेजच्या कागदाला आमच्या घरात मान आहे. मग वहिनीने तो फॉर्म चाळीस मिनिटं भरला. बाकीच्यांनी पुढे पाच मिनिटांत उरकला.

पंधरा दिवसांनी मी बेरजा केल्या. वहिनीचे तीस आले, पन्नासपैकी. प्रश्नावलीसोबतच्या तक्त्यात पाहिलं : तीस म्हणजे सामान्य. मला, खरं सांगते, हायसं वाटलं. चिठ्ठी छापली, 'आपले मानसिक स्वास्थ्य सामान्य आहे', खाली विभागाचा शिक्का मारला आणि तिच्या हातात दिली. तिने ती दोनदा वाचली. आईच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "बघ, शिकलेल्या पोरीनेच लिहून दिलं. नुसती नाटकं होती." चिठ्ठी फ्रिजवर चिकटवली गेली. वहिनी त्यानंतर काही बोलली नाही, रडलीही नाही. आई सगळ्यांना सांगायची, सून सुधारली.

सात आठवड्यांनी प्रबंधाच्या मार्गदर्शक मॅडमनी माझा गुणांचा तक्ता पाहिला आणि चष्मा काढला. "तुझी सगळी माणसं तीसच्या आसपास कशी गं? अठ्ठावीस, तीस, एकतीस. उलटी वाक्यं उलटी मोजलीस का?"

त्या दहा वाक्यांत पाच सुलटी असतात आणि पाच उलटी. 'सकाळी उठावंसं वाटतं' याला पाच म्हणजे चांगलं. 'मी नसले तर कुणाचं अडणार नाही' याला पाच म्हणजे वाईट. उलट्यांचे आकडे फिरवून घ्यायचे असतात, पाचाचा एक, एकाचा पाच. पहिल्या वर्षाला शिकवतात हे. मी ते न फिरवताच बेरीज केली होती. मग सुखी माणूसही तीस आणि बुडणारा माणूसही तीस.

तिथेच बसून मी वहिनीचा फॉर्म पुन्हा मोजला. सुलट्या पाचही वाक्यांना एक. उलट्या पाचही वाक्यांना पाच. बरोबर बेरीज आली दहा. दहाच्या खाली त्या प्रश्नावलीत जाताच येत नाही.

मॅडम म्हणाल्या, "तक्ता दुरुस्त कर आणि सोमवारी दे."

"आणि चिठ्ठ्या?"

"चिठ्ठ्या परीक्षक थोडीच बघतात?"

मी चिठ्ठ्या बदलल्या, एकेकाच्या घरी जाऊन. घरच्यांना त्याच दिवशी सांगितलं. दादा म्हणाला, "आता परत?" आई म्हणाली, "तेव्हा चुकलीस म्हणतेस, मग आता बरोबर कशावरून?" समुपदेशक बाईंची मंगळवारची चारची वेळ मी परस्पर घेतली आणि वहिनीला कपडे वाळत घालताना गाठलं.

"मी नाही येत गं," ती म्हणाली, अगदी गोड आवाजात.

"वहिनी, चूक माझी होती. तुझे दहा आलेत, दहा!"

"तू सामान्य म्हणालीस ना, तेव्हा मी विचार केला, म्हणजे सगळ्यांना असंच होतं. सगळे असंच ढकलतात, मीच तेवढी रडकी. मग मीही ढकलायला लागले." तिने बाळाचं झबलं झटकलं. "आता तिथे गेले आणि त्या बाईसुद्धा सामान्य म्हणाल्या, तर? खरं एकदा सांगून झालं, छोटी. पुन्हा नाही जमणार मला."

मी हात जोडले, ओरडले, रडलेसुद्धा. तिने माझेच डोळे पुसले.

मंगळवारी मी एकटीच गेले. वाटलं, येईल मागून. पत्ता तिच्या उशाशी ठेवला होता. साडेचार झाले, पावणेपाच झाले. बाई दार उघडून बाहेर आल्या. "चारची वेळ तुमची का?"

"माझ्या वहिनीची."

"त्या नाही आल्या?"

"नाही," मी म्हणाले. "तिला काही झालेलं नाही, असं मीच तिला लेखी दिलंय."