जालिंदर भावजींची पोस्टिंग

कारगिलच्या वर्षी आमच्या गावानं जवानांसाठी फेरी काढली. ढोल, झेंडे, घोषणा, सगळं यथासांग. आणि त्याच आठवड्यात मला दौंड स्टेशनच्या फलाटावर जालिंदर भावजी झोपलेले दिसले. एकाहत्तरच्या लढाईत ते आणि माझे मालक एकाच पलटणीत होते. मालक सुभेदार होऊन रिटायर झाले, भावजी नाईक म्हणून. पुढं बायको गेली, भावकीनं घराबाहेर काढलं आणि हा माणूस कुणाला न सांगता फलाटावर राहायला आला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

घरी येऊन मी मालकांना, म्हणजे सुभेदार हौसरावांना, चांगलं फैलावर घेतलं. त्यांनी गावातले सगळे माजी सैनिक गोळा केले. पंचायतीनं बुद्धविहारामागं जागा दिली आणि या म्हाताऱ्यांनी स्वतः गवंड्याच्या हाताखाली राबून दोन खोल्या उभ्या केल्या. इतकं चांगलं करून शेवटी माती खाल्लीच. दारावर संगमरवरी पाटी ठोकली: 'निराधार माजी सैनिकास सप्रेम भेट'.

घर ताब्यात द्यायला भावजींना दौंडहून आणलं, हार घातला. त्यांनी पाटी वाचली, गळ्यातला हार काढून माझ्या हातात दिला.

"वहिनी, म्या पलटणीत हुतो, धरमशाळेत न्हाई," एवढंच म्हणाले आणि आल्या वाटेनं दौंडला परत गेले.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, छाती फुगली माझी. फलाटावर झोपेल पण मान खाली घालणार नाही, असा माणूस आमच्या गावचा.

पाटी मीच उखडायला लावली. दुसऱ्या दिवशी मालकांनी मेडलं लावलेला कोट चढवला आणि फलाटावर भावजींपुढं ताठ उभे राहिले. मीही होतेच सोबत.

"नाईक जालिंदर, पोस्टिंग आलीया. विहारामागची चौकी. चार्ज घ्यायचा."

भावजी ताडकन उठले, कडक सॅल्यूट ठोकला. मग हळूच विचारलं, "किती वर्सांची, सायेब?"

"हिला रिटायरमेंट न्हाई."

भावजी हसले. मालकांचा डाव त्यांनी कधीच ओळखला होता. तरी वळकटी उचलून ते आमच्याबरोबर निघाले.

विहारात त्रिशरण-पंचशील म्हणून सगळे घराशी आलो. मालक नेहमीच्या ऐटीत आत शिरायला निघाले, तर भावजींनी दारात हात आडवा धरला.

"सायेब, बूट भाईर काढा. माझं घर हाय."

उभी हयात हुकूम सोडण्यात घालवलेले आमचे सुभेदार मुकाट्यानं पायरीवर बसले आणि डोळे पुसत बुटांच्या नाड्या सोडायला लागले.