अर्धी कुस्ती

रामभाऊंचा आवाज जाऊन दोन यात्रा उलटल्या होत्या. त्याआधी भोर-वेल्ह्याच्या पट्ट्यात कुठंही कुस्त्यांचा फड लागला, की कुस्तीचं धावतं वर्णन करायला माइक त्यांच्याच हातात असायचा. मग घशाचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढून टाकलं. जीव वाचला. गळ्याला भोक राहिलं, त्यावर ते सुती रुमाल बांधत. काही सांगायचं झालं तर पाटीवर खडूनं लिहीत, आणि तेही फारसं नाही.

त्यांचा आवाज म्हणून घरात जे उरलं होतं, ते कॉम्प्युटरमध्ये होतं. मुलगा अभिषेक लग्नाची शूटिंग करायचा. आजारपणाच्या आदल्या वर्षी गावच्या यात्रेत त्यानं सावळाराम आणि गेनू या पैलवानांची मानाची कुस्ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत घेतली होती, वर रामभाऊंचं बोलणं. दुपारची भांडी झाली की रामभाऊंची बायको बाळाबाई सुनेला म्हणायची, “लाव गं यांचं.” संजीवनी लावून द्यायची. बाळाबाईला पडद्यावरचं नीट दिसत नसे. ती भिंतीला टेकून नुसती ऐकत बसायची. तिला ते पाठ झालं होतं. रामभाऊ तेवढ्यात उठून गोठ्याकडं जायचे. म्हशीला पाणी दाखवायची वेळ झाली असेल, असं घरातले समजायचे.

उन्हाळ्यात कॉम्प्युटर रेंगाळायला लागला. फाइल उघडता उघडता पडदा गोठायचा, कधी निळा व्हायचा. एका सकाळी तो सुरूच झाला नाही. काळ्या पडद्यावर एक ओळ आली, की डिस्क सापडत नाही, आणि आतून टकटक आवाज यायला लागला, कुणी नखानं पत्रा वाजवावा तसा.

संजीवनीनं लग्नाआधी आयटीआयमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं शिक्षण घेतलं होतं. तिनं बटण बंद केलं, वायर काढली, डब्याचा पत्रा खोलला. आत धुळीचा थर आणि एक वाळलेली पाल. ते साफ केलं. डिस्कच्या दोन्ही केबल काढून पुन्हा घट्ट बसवल्या, मग जुन्या सामानातली दुसरी केबल लावून पाहिली. कधी कधी दुखणं केबलचंच असतं. पण टकटक तशीच राहिली. डिस्क चालू असताना तिनं पत्र्यावर बोट ठेवलं, तर आतली चकती फिरायला लागायची आणि अडखळून थांबायची. मग तिनं ती पुन्हा सुरू केली नाही. मरायला टेकलेल्या डिस्कला जितकं पळवाल तितकी ती लवकर जाते, एवढं तिला माहीत होतं.

अभिषेक भोरला एका लग्नावर होता. त्यानं फोनवर पहिल्यांदा किकवीच्या लग्नाचं विचारलं. ते त्यानं नुकतंच जोडून पुरं केलं होतं, द्यायचं बाकी होतं, आणि कॅमेऱ्याची कार्डं पुसून झाली होती. आधी तेच काढ, असं त्यानं सांगितलं. बाळाबाई शेजारीच उभी होती. तिनं फोन ठेवायच्या आत सांगून टाकलं, की आधी यांचा आवाज, बाकीचं जाऊ दे गेलं तर. लग्न काय, लोकांनी मोबाईलवर घेतलेलंच असतं.

संजीवनी एसटीनं नसरापूरला गेली आणि नवी डिस्क घेऊन आली. ही फिरत्या चकतीची नव्हती, म्हणून आवाजही करणार नव्हती. ती बसवून तिच्यावर कॉम्प्युटर चालायला लागणारं सगळं नव्यानं भरेपर्यंत तिसरा प्रहर झाला. जुनी डिस्क तोवर थंड झाली होती. आता ती बाजूला जोडायची आणि जे येईल ते उचलायचं. किती वेळ साथ देईल याचा नेम नव्हता.

जोडायच्या आधी ती थांबली. रामभाऊ उंबऱ्याशी बसले होते. त्यांना कुणीच विचारलं नव्हतं.

“मामा, आधी काय काढू?”

त्यांनी बाळाबाईकडं पाहिलं, मग पाटी ओढली. लिहिलं : लग्न. लोकांचं हाय.

बाळाबाईनं ते सुनेकडून वाचून घेतलं आणि तिचा चेहरा उतरला. “आन् तुमचा आवाज गेला म्हंजी?” ती म्हणाली. “मंग म्या काय ऐकू?”

रामभाऊंनी पाटी पुसली. पुन्हा लिहिलं, जरा जोरानं, खडू मोडला. संजीवनीला ते मोठ्यानं वाचवेना, पण सासू वाट बघत होती.

“‘मी अजून हाय,’ असं लिहिलंय.”

बाळाबाई चुलीपाशी जाऊन बसली.

किकवीचं लग्न सगळं आलं. मधे दोनदा डिस्क अडली, संजीवनीनं तिला निववून पुन्हा जोडली. मग कुस्ती घेतली. ती जवळपास अर्धी आल्यावर टकटक वाढली, एक किरकिर झाली आणि डिस्क गप्प बसली. पुष्कळ खटपट करूनही ती पुन्हा दिसली नाही.

जेवढं आलं तेवढं तिनं लावलं. सासूला तिनं हाक मारली नव्हती, पण आवाज ऐकून बाळाबाई आली. हलगी वाजत होती. रामभाऊंचा भरघोस आवाज सांगत होता, की मंडळी, गेनू खाली गेला, सावळारामानं पाठीवर कब्जा घेतला. तिथं तुटलं.

रामभाऊ या वेळी गोठ्याकडं गेले नव्हते. बाळाबाई भिंतीकडं बघत, नवऱ्याच्याच चालीत, हळू आवाजात पुढचं म्हणायला लागली. “आन् सावळारामानं मारली ढाक, गेनू चितपट…”

रामभाऊंनी जमिनीवर थाप मारली. मान जोरात हलवली. बाळाबाई बिचकली. पाटीसुद्धा न घेता ते पुढं सरकले, खाटेवरची उशी ओढली, पालथी घातली. ढाक हा उभ्या पैलवानावरचा डाव, खाली गेलेल्याला कुठली ढाक, असं हातानं दाखवलं. मग मागून उशीत बोटं रोवली, गुडघा टेकला आणि एका हिसक्यात उशी उताणी केली.

“घिस्सा डाव व्हय?” बाळाबाई म्हणाली. “तुमीच तर माइकवर ढाक म्हणाला व्हता की.”

त्यांनी कपाळाला हात लावला आणि उशी पुन्हा पालथी घातली.

तेवढ्यात अभिषेकचा फोन आला. लग्न आलं का, त्यानं विचारलं. सगळं आलं, संजीवनी म्हणाली. आणि वडिलांच्या आवाजातली कुस्ती? अर्धीच, ती म्हणाली. आईला सांगितलंस का, असं त्यानं जपून विचारलं. संजीवनीनं मागं वळून पाहिलं. बाळाबाई उशीचं एक टोक धरून बसली होती आणि गेनूचा हात नेमका कुठं होता, ते नवऱ्याला विचारत होती.

“सांगितलंय,” ती म्हणाली, आणि जुनी डिस्क काढायला स्क्रूड्रायव्हर शोधू लागली.