आग देणारा हात

समुद्र गुहेत शिरला आणि आग विझली. आता समुद्राला कोण बोल लावणार? बोल लागला कुनाईला, कारण आग राखायचं काम तिचं. वादळात तिनं आधी आपली लहानगी इसे उचलली आणि मग निखाऱ्यांकडे धावली. तोवर तिथं खारट पाणी आणि काळा चिखल उरला होता. कुठल्याही आईनं हेच केलं असतं, पण टोळीतल्या एकाही आईनं तसं मोठ्यानं म्हटलं नाही.

आग तयार करता येते, हे त्या लोकांना ठाऊकच नव्हतं. आग असायची. आजीच्या आजीकडून आलेली, जपलेली, वेळच्या वेळी लाकडं खाऊ घातलेली. गेलीच तर शेजारच्या टोळीकडे मागायची. पण नदीपलीकडची टोळी थंडीला कंटाळून डोंगराआड निघून गेली होती. मग काय, सगळे कच्चे शिंपले गिळत एकमेकांना चिकटून बसायचे. समुद्रावरचा वारा गुहेत नुसता मुक्कामाला आला होता. इसेला खोकला लागला. तिची छाती सारखी घरघरायची आणि ती घरघर ऐकत कुनाई अर्धी झाली होती.

अशात एका सकाळी हारुब, कुनाईच्या मेलेल्या नवऱ्याचा धाकटा भाऊ, ओरडतच वर आला. "वहिनी, आग आणलीय!"

"कुठाय?"

"यांच्यात आहे!"

त्यानं दोन माणसं पुढे ढकलली. एक पिकल्या दाढीचा पुरुष आणि एक तरुण बाई. रंगरूप आपल्यासारखंच, पण अंगावरची कातडी भलतीच, कुठल्याच जनावराची नाही. "या बाबानं अंगठा असा दाबला आणि आग! खोटं बोलत असेन तर तरस खाऊ दे मला."

"तरसालाही चव कळते," म्हातारी नाउबे म्हणाली. टोळीत शेवटचा शब्द तिचा. ती पाहुण्यांभोवती एक फेरी मारून आली. "हिसकावून घेऊ नका रे. हिसकावलेली आग टिकत नाही. त्यांच्या हातानं देऊ देत. तोवर गुहेच्या तोंडाशी दोघं भालेवाले बसवा."

अशी ती दोघं कैदेत पडली. कुणी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. टोळी जे खाई तेच त्यांना मिळे, म्हणजे कच्चे शिंपले. पुरुषाचं नाव मोलेफी, बाईचं दिनेओ. दिनेओ बडबडी. बायकांत बसून कंद सोलता सोलता तिनं बोली उचलली, आणि चंद्र पुन्हा कोरीचा झाला तोवर ती चुकतमाकत थट्टाही करू लागली. त्या दोघांची हकीगत कुनाईला कळली ती तिच्याकडूनच.

"आम्ही याच किनाऱ्यावरचे, ताई. पण खूप पुढचे. तुझ्या नातवंडांना नातवंडं, त्यांना नातवंडं, असं म्हणत म्हणत तू थकशील तिथले."

"म्हणजे तुम्ही अजून जन्मलाच नाहीत?"

"तसंच म्हण."

कुनाईला यात फारसं नवल वाटलं नाही. न जन्मलेली माणसं कुठंतरी असणारच, नाहीतर येतात कुठून? दिनेओनं पुढचंही सांगितलं. पुन्हा चंद्र भरला की तिकडच्या सपाट खडकापाशी उजेडाचं दार उघडणार होतं. एकदाच. त्यातून ती दोघं परत जाणार होती. परत तिथं दार उघडत नाही. "माझी आई वाट बघतेय," ती म्हणाली. "तिला मी सांगून नाही आले. भांडून आले."

आग मात्र मोलेफी देईना. अंगठ्याएवढी ती चकचकीत डबी, तुम्ही आम्ही जिला लायटर म्हणू, त्यानं कमरेशी घट्ट धरलेली. इसे निळी पडू लागली त्या संध्याकाळी नाउबेनं त्याला शेवटचं विचारलं. तो आपल्या भाषेत बरंच बोलला. दिनेओनं मान खाली घालून ते सांगितलं. "तो म्हणतो, आम्ही फक्त बघायला आलो. इथं काही ठेवून जायचं नाही. पुढचं सगळं बिघडेल."

"बरं," नाउबे म्हणाली. "मग पोर मरताना बघा. नीट बघा म्हणावं, लांबून आलात."

कुनाई इसेला छातीशी घेऊन नुसती डुलत होती. दिनेओनं तिच्याकडे पाहिलं, मग एकाएकी मोलेफीच्या कमरेची डबी ओढून घेतली. तो ओरडला, तिचा हात धरायला धावला, पण तोवर वाळक्या गवतातून ज्वाळा वर आली होती. म्हातारीपासून पोरांपर्यंत सगळे रडले. हारुब तर नाचता नाचता पडला आणि पडल्या पडल्या हसत राहिला.

आठवड्याभरात इसेची छाती मोकळी झाली. भाजल्या मांसाचा वास पुन्हा गुहेत भरला. दिनेओ इसेला मांडीवर घेऊन आपल्याकडची गाणी म्हणायची, आणि कुनाईला पहिल्यांदाच धाकटी बहीण मिळाल्यासारखं वाटलं.

पण टोळीची एक रीत होती, आणि ती दिनेओला डबी ओढताना ठाऊक नव्हती. आग देणारा हात आगीपाशीच राहतो. आग नव्या माणसाला बुजते, म्हणून देणाऱ्यानं मुक्काम करायचा. मग राखणारीनं एक दिवस सगळ्यांसमोर म्हणायचं, "आग मला ओळखते." तेवढं म्हटलं की देणारा मोकळा, वर भेट म्हणून मांसाची फरी, जनावराची अख्खी पुढची तंगडी. शेजारच्या टोळीतला पाहुणा असला की दोन-चार दिवसांत हे उरकायचं. मात्र तसं म्हटल्यावर आग मेली, तर राखणारीनं आपल्या पोरांसकट टोळी सोडायची. एकट्या बाईला त्या किनाऱ्यावर तरस थोडंच सोडणार? आजीच्या आजीची आग कुणी दिलेली नव्हती, म्हणून मागच्या खेपेला कुनाई वाचली होती.

चंद्र भरला. दिवस मावळताना सगळी टोळी सपाट खडकापाशी जमली. खडकाच्या अंगालाच उजेड उभा राहिला, पांढरा आणि गप्प, माणूसभर उंचीचा. मोलेफीला कुणी अडवलं नाही. त्यानं काही दिलं नव्हतं, त्याच्यावर कुणाचा हक्क नव्हता. दिनेओही निघाली, तेव्हा हारुबनं भाला आडवा धरला.

"थांब गं," नाउबे म्हणाली. तिनं कुनाईकडे वळून विचारलं, "आग तुला ओळखते का?"

ओळखत होती. कुनाईला ते पक्कं माहीत होतं. तिनं फुंकर घातली की ज्वाळा उठे, ती सरकली की मंद होई. पण एकदा समुद्रानं दगा दिला होता. उद्या पाऊस देईल, नाहीतर झोप. इसे तिच्या कडेवर होती, गुबगुबीत झालेली, दिनेओकडे हात पसरून झेपावणारी. कुनाईनं तिला मागं ओढून घट्ट धरलं.

"ताई, सांग ना," दिनेओ हसत म्हणाली. तिला वाटलं कुनाई मुद्दाम छळतेय. "अगं, सांग लवकर."

"अजून नाही," कुनाई म्हणाली.

दिनेओचं हसू तसंच राहिलं, त्यात काही उरलं नव्हतं तरी. मोलेफीनं नाउबेचे पाय धरले, डबी तिच्यापुढे ठेवली, स्वतःकडे बोट दाखवून मला ठेवा म्हणून विनवलं. पण आग त्याच्या हातानं दिलेली नव्हती. उजेड आकसायला लागला. दिनेओनंच त्याला आत ढकललं आणि त्याच्या मागोमाग आपल्या भाषेत काहीतरी ओरडून सांगितलं. त्यातला एकच शब्द कुनाईला कळला. आईला ते लोकही आईसारखंच काहीतरी म्हणत. मग खडक नुसता खडक राहिला.

दिनेओ कितीतरी दिवस कुनाईशी बोलली नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती वाटणीचं खाई, वाटणीचं काम करी आणि खडकाकडे पाठ करून बसे. एके दिवशी इसे रांगत तिच्या मांडीवर चढली. दिनेओनं तिला खाली ठेवलं. ती पुन्हा चढली. तेव्हा दिनेओ तिच्या केसांत तोंड खुपसून रडली, आणि पलीकडे कुनाई लाकडं मोडता मोडता मेल्याहून मेली.

थंडी सरली. टोळी कंद खणायला नदीपलीकडे निघाली. कुनाईनं निखारा सुक्या शेणात गुंडाळून हरणाच्या शिंगात भरला. आग विझू नये या धास्तीनं ती शेण दाबत राहिली, आणखी दाबत राहिली. शिंग रीतीप्रमाणे दिनेओच्या हातात दिलं. नदी छातीएवढी होती. दिनेओनं शिंग डोक्याच्याही वर धरून नदी पार केली. एक थेंब लागू दिला नाही.

पलीकडे जाऊन नाउबेनं शिंग उघडलं. आत गार राख होती. श्वास कोंडून निखारा मेला होता.

दिनेओनं मोलेफीनं मागं ठेवलेली डबी काढून दाबली. एक ठिणगी उडाली. पुन्हा दाबली, पुन्हा नुसती ठिणगी. आतलं जे काही जळत होतं ते संपलं होतं. अंगठा सोलून निघेपर्यंत ती दाबत राहिली, आणि सगळे बघत राहिले.

"हिनंच मारली," हारुब म्हणाला. "राग काढला हिनं. हिला इथंच टाकून चला."

"नाही," कुनाई म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "शेण मी दाबलं. आणि आग मला ओळखत होती, आजी. त्या संध्याकाळीही ओळखत होती. मी खोटं बोलले."

हारुबनं तिच्या पायांपाशी थुंकी टाकली. नाउबेनं राख पाण्यात ओतली.

"आता ना आग, ना राखणारी," ती दमलेल्या आवाजात म्हणाली. "कुणाला हाकलायचं आणि कशासाठी?" मग तिनं दिनेओच्या डोक्यावर हात ठेवला. "तू तेव्हाच मोकळी होतीस, पोरी. उगाच धरून ठेवलं तुला. जा, आपल्या माणसांत जा."

कुनाई तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. तिला क्षमा मागायची होती, पण त्या टोळीत क्षमेसाठी एकच रीत होती, आपल्या चुलीवरचं ऊन काहीतरी पुढे करायची, आणि आता चूल नव्हती. तिचे रिकामे हात तसेच पुढे राहिले.

दिनेओनं ते हात पाहिले. ते घेतले नाहीत, झटकलेही नाहीत. तिनं नदीकडे पाहिलं, डोंगराकडे पाहिलं, मग समजावल्यासारखं हळूच म्हणाली, "माझी माणसं अजून जन्मायची आहेत, आजी."