मोरीच्या खिडकीतला ग्लास

कडेगावजवळच्या त्या गावात सयाजीरावांच्या सोप्यात नाटकाची तालीम रंगली होती. आत त्यांची बायको अंजना चहा गाळत होती आणि लेक शिवांजली ट्रे घेऊन भिरभिरत होती. सगळ्यांना कप देऊन झाल्यावर तिनं मोरीच्या खिडकीतला काचेचा ग्लास विसळला. "मावशींचा स्पेशल ग्लास!" लहानपणापासून ती असंच म्हणायची आणि मायामावशी हसायच्या.

यंदा नववीतल्या शिवांजलीला पहिल्यांदाच काम मिळालं होतं, मावशींच्या मुलीचं. लहान पोरींचं चालायचं, पण गावातल्या मोठ्या बायका रंगमंचावर जात नसत. म्हणून नटी सांगलीहून यायची, ती मायामावशी. नाट्यमंडळाचे दिवस वाईट होते. पोरं सोनं गाळायच्या कामाला परराज्यात गेलेली, पडदा विरलेला, वर्गणी आटलेली. मावशी बिदागी न घेता उभ्या राहिल्या, म्हणून जत्रेतलं नाटक टिकलं होतं.

तेवढ्यात विट्याचे लालासाहेब आले. मंडळाला पैशाचा हात द्यायला तेच तयार झाले होते. शिवांजलीची धांदल उडाली. कप तर संपलेले! हातातला ग्लासच तिनं भरून पुढं केला. लालासाहेबांनी घोट घेतला.

"अगं भवाने, त्यो मायाचा हाय!" अंजना दारातून किंचाळली.

लालासाहेब ताडकन उठले. नळावर जाऊन त्यांनी खळखळून चूळ भरली.

शिवांजली बघतच राहिली. आपण ज्याला लाड समजत होतो, ते हे होतं? मग मावशी हसायच्या ते कशाला?

"सयाजीराव, मंडळाला मी हाय," लालासाहेब तोंड पुसत, कोपऱ्यात बसलेल्या मायामावशींकडं बोट करून म्हणाले. "फकस्त हिला रंगपूजेला आत घेऊ नका. देवाचं काम असतंय."

"व्हय," सयाजीराव खाली बघून म्हणाले.

मावशी उठल्या. त्यांनी ग्लास धुतला, पदरानं पुसला, पिशवीत टाकला. "माझाच हाय न्हवं? घेऊन जाते. पुढच्या बाईला दुसरा बघा."

पुढच्या आठवड्यात दुसरी नटी ठरली. ती तालमीला यायच्या दिवशी सकाळी मोरीच्या खिडकीत नवाकोरा ग्लास दिसला.

"पप्पा, मी काम करणार न्हाई."

"जत्रा तोंडावर आलीया, पोरी! मंडळ बुडंल."

"बुडू दे की! मावशींनी ते तगवलं, आन तुमी एका 'व्हय'मधी त्यांनाच भाईर काढलं. मी तरी कुठली शाणी? ग्लास मीच विसळत हुते."

सयाजीरावांनी खिडकीतल्या नव्या ग्लासाकडं पाहिलं. "लालासाहेबांस्नी काय सांगू?"

"चूळ भरून झाली का, इचारा."

ते हसले नाहीत. उठून त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली काढली. "चल संगं, सांगलीला. एकट्यानं तिच्या दारात उभं ऱ्हायाची लाज वाटती."

गाडीवर मागं बसलेल्या शिवांजलीला वाटभर एकच भीती वाटत होती. मावशी घालवून देतील, याची नव्हे. त्या आत बोलावतील, चहा टाकतील आणि आपल्याला घरातल्या सगळ्यात चांगल्या कपात देतील.