चंदेरी तार

मी सोनोमीटर बोलतोय. बोलतोय तो इथं कागदावरच हो, नाहीतर माझा आवाज गेला त्याला आता बरेच महिने झाले. आमच्या फिजिक्सच्या लॅबमध्ये कपाटावर एक चॉकलेटी, चकचकीत लांबट खोका पडलेला दिसेल, तोच मी. येणारे-जाणारे म्हणतात, "नवा घेतला वाटतं!" हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

मूळचा मी असा नव्हतो. अंबाल्याकडच्या कारखान्यात माझा जन्म झाला. पोकळ लाकडी पेटी, तिच्या कुशीला गोल भोकं, वर एक पोलादी तार, तार ताणायला टोकाला वजनं आणि तारेखाली सरकवायला दोन पाचरी. तार छेडली की पेटीतली हवा घुमायची आणि भोकांतून आवाज बाहेर पडायचा. तार किती लांब, किती ताणलेली, किती जड, त्यावर तिचा आवाज कसा बदलतो हे पोरांना दाखवायचं, एवढंच माझं काम.

बोरी बुद्रुकजवळच्या या कॉलेजात आलो तेव्हा वाटलं, आता पोरं रोज छेडतील. कसलं काय! हनुमंत सरांनी मला कपाटात ठेवून कुलूप घातलं. "हात लावू नका रे, मोडलं तर परीक्षेला काय मांडायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मुलं आदल्या वर्षीच्या मुलांची रीडिंग उतरवून घ्यायची. ओरलचे, म्हणजे तोंडी परीक्षेचे, प्रश्न आणि उत्तरं सर फळ्यावर इंग्रजीत लिहायचे आणि सगळा वर्ग ती एका सुरात घोकायचा. अर्थ विचारला की सगळ्यांचे डोळे पंख्याकडे.

सर मनानं वाईट नव्हते. एखाद्याकडं फीला नसलं तर गुपचूप सांभाळून घ्यायचे. पण लॅबला कुणी नावं ठेवू नयेत, या भीतीनं त्यांना पार पोखरलं होतं.

मग बारावीला हिरा आली. धनगराची पोर. तिचे वडील बहिरू दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माळशेज घाट उतरायचे आणि उन्हाळ्यापर्यंत कोकणात हिंडायचे. हिरा मागं गजराबाई आत्याकडं राहायची. त्या वर्षी निघताना बहिरू बहिणीला बजावून गेले होते, "परीक्षा झाली का सरास्नी इचार. पोरीला झेपतंय म्हनले तर फुडं शिकवू. न्हाई म्हनले तर धाड वाड्यावर, मेंढरांच्या तळावर, तितं हात कमी पडत्यात." हे मला हिरानंच सांगितलं. एकटी असली की ती माझ्याशी बोलायची.

एकदा तिनं सरळ जाऊन विचारलं, "सर, त्यो सोनोमीटर मला करून बघू द्या ना."

"आधी ओरल पाठ कर."

"पाठ हाय सर. पर कळत न्हाई."

सर हसले. त्यांनी किल्ली दिली. "जपून हं. मोडलास तर बघ!"

कॉलेज सुटल्यावर ती मला टेबलावर घ्यायची. कागदाचा बारका तुकडा दुमडून तारेवर बसवायची. ट्यूनिंग फोर्क, म्हणजे तो दोन पायांचा लोखंडी चिमटा, रबरावर आपटून त्याचा दांडा माझ्या पाठीवर टेकवायची आणि पाचर हळूहळू सरकवायची. नेमक्या लांबीवर तार आपोआप थरथरते आणि कागद उडून पडतो. पहिल्यांदा तो उडाला तेव्हा ती ओरडलीच, "आई गं! उडलं की!" इतक्या वर्षांत माझ्यामुळं कुणाला आनंद झाला तो तेव्हाच. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

घोकलेली इंग्रजी उत्तरं ती मग आपल्या बोलीत उलगडायची. "तार आखूड केली का आवाज चढतो. आवळली तरी चढतो. जड असंल तर बसतो. आमची मेंढरं कोंडायची वाघर न्हाई का, दोरीची जाळी? ती दवानं भिजली का जड व्हती, मंग वाऱ्यात तिचा घूं घूं आवाज खाली येतो. तसंच हाय हे!" अगदी तसंच होतं. मी पेटीभर घुमून हो म्हणायचो.

परीक्षा जवळ आली. आंबेगाव तालुक्यातून बाहेरचे परीक्षक येणार म्हणून सरांची धांदल उडाली. "लॅबची कळा बघा काय झालीय!" म्हणत त्यांनी कळंबहून पप्पू पेंटरला बोलावलं. दारं रंगली, स्टुलं रंगली, मग पप्पूनं मला उचललं. "सर, हितं उंदरानं भोकं पाडल्यात."

सर घाईत होते. वळूनसुद्धा न बघता म्हणाले, "बुजव की मग."

पप्पूनं माझ्या भोकांत लांबी, म्हणजे भेगा बुजवायची पुट्टी, भरली, घासून वर ऑइल पेंट मारला. तार गंजलेली दिसली म्हणून फाटकाला मारतात तो चंदेरी रंग तिच्यावर दोनदा फिरवला. मी ओरडत होतो, पण कुणी छेडल्याशिवाय मला आवाज नाही आणि त्या दिवसानंतर छेडूनही उरला नाही. सर मात्र खुश झाले.

परीक्षेच्या दिवशी हिरानं उचललेल्या प्रयोगाच्या चिठ्ठीत मीच निघालो. पोरीचा चेहरा खुलला. शेजारचा ऋतिक पाठ केलेली रीडिंग लिहून मोकळा झाला होता. हिरानं फोर्क टेकवला, पाचर सरकवली. कागद उडेना. पुन्हा केलं. नेहमीच्या लांबीपेक्षा बरीच आखूड केली तेव्हा कुठं तो जरासा हलला, पण पडला नाही. तिनं जे दिसलं तेच लिहिलं.

परीक्षकांनी कपाळाला आठी घातली. "धिस रीडिंग इज राँग. व्हाय?"

हिरानं माझ्या तारेवर बोट फिरवलं, बोट नाकाशी नेलं. तिला कळलं होतं! "सर, तारेला रंग लावलाय. तार जड झालीया, म्हनून..."

"इन इंग्लिश, प्लीज."

तिनं हनुमंत सरांकडं पाहिलं. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "सर, मुलगी घाबरलीय जरा," ते घाईघाईनं म्हणाले, "पुढचा घेऊ या ना." हिराचे ओठ हलले, पण पाठ केलेल्या इंग्रजीत रंगाचं उत्तरच नव्हतं. मी तिच्या हाताखाली होतो आणि मला साधं 'हो' म्हणता आलं नाही. असलं जिणं काय कामाचं?

सगळे गेल्यावर सरांनी माझ्या तारेवर नख घासलं. चंदेरी खपली निघाली. वाटलं, चूक पोरीची नव्हती हे आता तरी सांगतील, पण नाही. तिला मार्क त्यांनी इतरांइतकेच दिले, त्यांच्या परीनं सांभाळून घेतलं.

दुसऱ्या दिवशी गजराबाई लॅबच्या दारात आली. "सर, पोरीला झेपतंय का?"

सर टेबलावरची धूळ झटकत राहिले. "पाठ चांगलं आहे, पण आयत्या वेळी बोलत नाही. सायन्स जड जातं तिला."

"बरं झालं सांगितलं," एवढं म्हणून गजराबाई गेली. लेखी पेपर झाले आणि हिरा घाट उतरून कोकणात गेली. जाण्याआधी एकदा ती लॅबमध्ये आली, मला छेडून पाहिलं. नुसता ठक्क आवाज आला. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली आणि पदराशी चाळा करावा तसा ओढणीचा कोपरा पिळत निघून गेली.

आता मी कपाटावर आहे. पुढची बॅच खाली ओरल घोकतेय. माझी भोकं कुणी मोकळी करील ही आशा मी सोडलीय. पण तुमच्यापैकी कुणी माळशेजच्या पायथ्याला गेलं आणि मेंढरांमागं चालणारी हिरा नावाची पोर दिसली, तर तिला एवढं सांगा. तार जडच झाली होती, बाई. तुझं उत्तर बरोबर होतं.