डावा पाय बघा

मी एक जुना फळा आहे आणि मित्रांनो, माझी कीव करायला कुणी येऊ नये. माझा एक कोपरा तुटला आहे, खालच्या कडेला वाळवी चाटून गेली आहे, आणि इपोह शहरातल्या या कॉफीच्या दुकानात आता प्रत्येकाच्या खिशात चकचकीत फोन आहे. तरीही भिंतीवर मीच आहे. ज्याला हे खुपत असेल त्याने दुसऱ्या दुकानात जाऊन कॉफी प्यावी.

एका सुताराने मला शाळेसाठी बनवले. पंचवीस वर्षे मी पाढे आणि नकाशे अंगावर वागवले. मग शाळेत पांढरे गुळगुळीत फळे आले आणि माझे कोंबड्यांच्या खुराड्याला दार करायचे ठरले. या दुकानाचे मालक फूंग टौके यांनी मला तिथून उचलून आणले. पण लिहायचे काय, तर 'आज शेवया संपल्या'. दिवसभर तेवढी एकच ओळ, तीही रडकी. मला त्याची लाज वाटे.

मग माझ्या आयुष्यात सिवगामी अक्का आली. शर्यतीतल्या जॉकींचे रंगीत सदरे शिवण्यात तिचा जन्म गेला. मापे घ्यायला ती तबेल्यांत जाई आणि काम संपले तरी घोडे बघत उभी राही. शर्यतीचा एकही रविवार तिने चुकवला नाही, आणि एकाही घोड्यावर पैसे लावले नाहीत. निवृत्त बसचालक रामली तिला यावरून चिडवायचा.

"लग्नाला येऊन न जेवता जाणारी तू एकटीच, अक्का."

"पैसे लावले की डोळे खिशात जातात, रामली. मग घोडा दिसत नाही. तुला आजवर दिसलाय का कधी?"

बारा वर्षांपूर्वी एक घोडी वळणावर कोसळली आणि पुन्हा उठली नाही. आदल्या आठवड्यात अक्काने तिची चाल बिघडलेली पाहिली होती. आपण शिंपीण, आपले कोण ऐकणार, म्हणून ती गप्प बसली होती. घोडी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने टौकेंकडे खडू मागितला. तेव्हापासून दर शुक्रवारी ती वर्तमानपत्रातले शर्यतीचे पान वाचते आणि आपले मत माझ्यावर लिहिते. 'सहा घोड्यांची ही शर्यत नव्हे, फेरफटका आहे.' 'प्रेक्षकांसाठी नवा मंडप नको, आधी तबेल्यात पंखे लावा.' लोक वाद घालत, कॉफी गार होई, आणि मी ताठ उभा असे. वर्तमानपत्र काय, संध्याकाळी त्यात मासळी बांधतात. माझ्यात आजवर कुणी मासळी बांधलेली नाही.

आता मुख्य गोष्ट सांगतो. टिन बकेट नावाचा एक करडा घोडा आहे. गेल्या महिन्यात सगळ्यांत पुढे असताना तो शेवटच्या टप्प्यात उजवीकडे झुकत गेला आणि पाचवा आला. मग एका शुक्रवारी वर्तमानपत्राने लिहिले, 'टिन बकेट भित्रा आहे. त्याचा उजवा पाय तपासला, त्यात दोष नाही. येत्या रविवारी तो डोळ्यांना झापडे लावून पळेल.'

अक्काने ते दोनदा वाचले. मग खडू इतका दाबून लिहिले की मला दुखले. 'टिन बकेट भित्रा नाही. त्याला पळवू नका. डावा पाय बघा.'

कुणाच्या तरी फोनवरून ते तबेल्यापर्यंत पोचले आणि तासाभरात त्या घोड्याचा ट्रेनर योंग दुकानात हजर झाला. "पुसा हे," तो टौकेंना म्हणाला.

"अहो बॉस, गिऱ्हाइकानं लिहिलंय."

"उद्या घोड्याच्या मालकानं हे वाचलं तर माझा तबेला रिकामा होईल. आता शिंपीण मला घोडा शिकवणार का?"

अक्का तिथेच टोस्ट खात बसली होती. "शिकवत नाही हो, सांगतेय. उजवा पाय नीट तपासलात ना?"

"दोनदा. सूज नाही, खडा नाही, नाल पक्की आहे."

"तो उजवीकडे झुकला म्हणून तुम्ही उजवा तपासलात. दात दुखत असला की तुम्ही कुठल्या बाजूनं चावता?"

कुणीतरी खुदकन हसले. योंगचा चेहरा उतरला, पण तो मागे हटला नाही. "वीस वर्षं घोड्यांत काढलीत मी."

"मग एकदा त्यांचंही ऐका."

टौके बिचारे गरीब स्वभावाचे. त्यांनी ओले फडके घेतले आणि माझ्यावरून फिरवले. मला त्यांचा राग आला, मी लपवणार नाही. शाळेत हजारदा पुसला गेलो, पण तिथे मुलांनी आधी वाचलेले असे. टौकेंनी योंगला शांत करायला कॉफी दिली आणि तो माझ्याकडे तोंड करून बसला.

पण मित्रांनो, ओल्या फडक्याने पुसलेला खडू जात नाही. ओल असेपर्यंत दिसत नाही, एवढेच. डोक्यावर पंखा फिरत होता. मी वरून वाळत गेलो, आणि वाळलो तिथे अक्काची अक्षरे फिकट पांढरी होऊन परत आली. यात चमत्कार नाही, कुठल्याही फळ्याला विचारा. शेवटची ओळ उमटली तेव्हा योंगच्या हातातला कप तसाच राहिला. ती ओळ त्याने पुन्हा वाचली. मग अर्धी कॉफी टाकून निघून गेला.

शनिवारी अक्काने तीच वाक्ये पुन्हा ठळक गिरवली.

"आणि उद्या तो जिंकला तर? तोंड कुठं लपवशील?" रामलीने विचारले.

"जिंकला तर याच टेबलावर चढून नाचेन. पण तो पळायला नको, रामली. मागच्या वेळी मी गप्प बसले होते."

त्या दिवशी तिने कॉफीला हातही लावला नाही.

रविवारी सकाळी रामलीने फोनमधून बातमी वाचली. टिन बकेटचे नाव मागे घेतले होते. डाव्या पायाच्या हाडाला बारीक चीर सापडली होती. तसाच पळवला असता तर हाड मोडले असते, असे घोड्यांचे डॉक्टर म्हणाले होते. अक्का खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. रामलीने तिच्यासाठी गरम कॉफी मागवली.

मंगळवारच्या वर्तमानपत्रात छापून आले, 'ट्रेनरच्या तीक्ष्ण नजरेमुळे घोडा वाचला.' दुकानात एकच गलका झाला. रामलीने खडू अक्कासमोर धरला. "लिही अक्का, खरं काय ते लिही."

"घोडा उभा आहे ना? मग छापू दे त्यांना," ती म्हणाली आणि पुढच्या बातमीकडे वळली.

अक्काचे मन मोठे आहे. माझे नाही. नजर कुणाची होती ते मी सांगणार, जो या भिंतीसमोर बसेल त्याला सांगणार. मी फळा आहे, पुसला जाणे माझ्या नशिबातच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. मित्रांनो, माझे मागणे एवढेच आहे. पुसायचे तर खुशाल पुसा. आधी वाचा.